ठकूआत्यांची मागची सीट

ठकूआत्यांना एखादी वस्तू कशी वाटली असं विचारलं, की त्या आधी तिच्यावर बसायच्या आणि मगच बोलायच्या. ग्रामपंचायतीनं देवळासमोर नवी बाकडी टाकली, तेव्हा पुढाऱ्यांच्या आधी त्या एकेका बाकड्यावर बसून आल्या आणि त्यातली दोन नापास करून टाकली. त्यांच्या मुलानं, दत्तूनं, मोठ्या हौसेनं सोफा आणला. आत्या त्यावर टेकल्या, लगेच उठल्या आणि खाली जमिनीवर मांडी घालून म्हणाल्या, "ह्यात माणूस बुडतंय. पाव्हण्याला बसवा." त्यांचं हे "बसून बघू" वडगाव रासाईत इतकं मुरलं होतं, की कुणाच्या दारात नवं काही आलं तर लोक किंमत नंतर विचारायचे, आधी विचारायचे, "ठकूआत्या बसल्या का?"

नात्यानं त्या माझ्या कुणी नव्हत्या. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर, एवढंच. माहेर धनगराचं. त्यांचं लहानपण मेंढरांमागं चालण्यात गेलं. पावसाळा सरला की घोड्यावर बिऱ्हाड टाकायचं आणि निघायचं. सासरी आल्या आणि हळूहळू मेंढरं गेली, ऊस आला, पायांना काम उरलं नाही. "मी वाटंवर वाढलेली हाय. घरात बसवलं की मला भिंती चावत्यात," असं त्या म्हणायच्या. म्हणून रांजणगावच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायचं काम मिळालं, तेव्हा त्यांनी पगार किती हेसुद्धा विचारलं नाही. गाडी कुठून जाते, एवढंच विचारलं.

त्याच कंपनीत मी क्वालिटी विभागात होते. सकाळी फाट्यावर कंपनीची बस यायची आणि आत्या खिडकीची जागा पटकावायच्या. रोजचा तोच रस्ता, तेच ऊस, तीच वीटभट्टी. पण बस हलली की त्यांचा चेहरा असा फुलायचा, की नवा माणूस विचारायचा, "मावशी, जत्रेला का?"

मग आमच्या बाजूनं चढणारी माणसं कमी झाली आणि कंपनीनं ती बस बंद केली. दत्तूला आयतंच निमित्त मिळालं. तो वाईट नव्हता हो, आईवर त्याचा जीव होता. पण ऊस चांगला निघत असताना आई दुसऱ्याच्या चपात्या लाटते, हे त्याला गावात बरं दिसत नव्हतं. मी स्कूटर घेणार असं कळल्यावर आत्या माझ्या मागं बसून जायला निघाल्या, तर त्यानं माझ्यासमोरच अट घातली. "जा. पर ज्या दिवशी पाठ दुखती म्हणालीस, त्या दिवशी काम बंद. मग काय बी सांगायचं न्हाई."

"व्हय," आत्या म्हणाल्या. "पर मग गाडी मी बघणार."

"चालवणार ही मनी, आन् गाडी तू बघणार?"

"चालवणारीला फुडं धरायला हँडल असतंय. मागं बसणारीला काय असतंय? मागची सीट मी बघणार."

अशा रीतीनं माझी स्कूटर निवडायला आम्ही तिघं शिरूरला गेलो. माझे वडील, म्हणजे आप्पा, मी आणि ठकूआत्या. आत्यांच्या हातात ताकानं भरलेली किटली होती. आम्हाला वाटलं, वाटेत प्यायला घेतली असेल.

शोरूममध्ये पांढऱ्या शुभ्र शर्टातला सेल्समन हसत पुढे आला. आप्पांनी प्रत्येक गाडीपाशी एकच प्रश्न विचारला, "अ‍ॅव्हरेज किती देती?" उत्तर काहीही आलं तरी ते "हं" म्हणून पुढच्या गाडीकडे सरकायचे. माझं मन एका फिकट निळ्या, सडपातळ स्कूटरवर आधीच जाऊन बसलं होतं. आत्या मात्र सगळ्या गाड्यांच्या मागून फिरत होत्या. मेंढी विकत घेताना कमरेवर तळवा दाबून ती भरलेली आहे का ते बघतात, तसा त्या प्रत्येक सीटवर तळवा दाबत होत्या.

"हिची पाठ भरली न्हाई," निळीपाशी येऊन त्या म्हणाल्या.

"मावशी, फोम आहे तो," सेल्समन म्हणाला.

"असंल. बसून बघू."

आता किटलीचं रहस्य उलगडलं. आत्या मागं एका अंगाला बसल्या, किटली मांडीवर घेतली आणि झाकण काढून माझ्या हातात दिलं. सेल्समननं गाडी चालवायची, शोरूमसमोरच्या तीन गतिरोधकांवरून जाऊन परत यायचं, आणि ताक किती सांडतं ते बघायचं. जिच्यावर कमी सांडेल ती गाडी आपली. आप्पांना ही परीक्षा इतकी आवडली, की ते अ‍ॅव्हरेज विसरून रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले.

निळी गाडी गेली आणि परत आली. सेल्समनचा शर्ट मागच्या बाजूनं पाठीला चिकटला होता. "ही नको," आत्या म्हणाल्या. माझा चेहरा पडला, पण पुरावा त्या बिचाऱ्याच्या पाठीवर होता.

दुसरी बॅटरीवरची. सेल्समननं चावी फिरवली आणि म्हणाला, "बसा मावशी, गाडी सुरू आहे." आत्या बसेनात. वाकून त्यांनी गाडीला कान लावला. "सुरू हाय म्हणतोस, आन् हूं का चूं न्हाई. जित्ती हाय का बघ आधी." शेवटी बसल्या. गाडी आवाज न करता गेली, परत येताना मात्र सेल्समनचा आवाज लांबूनच ऐकू आला. उरलेलं ताक त्याच्या कॉलरमधून आत गेलं होतं.

तिसरी मातकट करड्या रंगाची. दिसायला अशी, की दारात लावली तर कुणी दुसऱ्यांदा वळून बघणार नाही. ती तिन्ही गतिरोधकांवरून गेली, वळली, पुन्हा आली. आत्यांच्या साडीवर थेंब नाही, सेल्समनच्या पाठीवर नवा डाग नाही. आत्यांनी दिग्विजय केल्यासारखी किटली उंच धरली. "टिपूस सांडला न्हाई. हीच घ्यायची." आप्पांनी टाळ्या वाजवल्या. सेल्समननं तर इतक्या आनंदानं हात जोडले, की त्यालाही तीच गाडी हवी होती असं वाटलं. खरं म्हणजे त्याला आम्ही घरी जायला हवे होतो.

घरी आल्यावर आई म्हणाली, "उन्हातून आलाय, ते ताक तरी द्या सगळ्यांना." आत्यांनी किटली वाडग्यात उपडी केली. काहीच आलं नाही. तिसऱ्या गाडीवर चढायच्या आधीच किटली कोरडी झाली होती. ह्या गोष्टीचा उलगडा आम्हा सगळ्यांना एकदमच झाला, आणि आप्पा हसता हसता ओसरीवर आडवे झाले. आत्या किटलीत डोकावून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सांडलं न्हाई, ही तर खरंच हाय ना?"

बुकिंग झालं होतं. करडी घरी आली. चाकाखाली लिंबू ठेवलं, हार घातला. नारळ मागच्या चाकापाशी फोडायचा हट्ट आत्यांनी धरला. "फुडच्या चाकाला सगळीच पुजत्यात," म्हणाल्या.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना पेट्रोल पंपावर विसरून आले. झालं असं, की पेट्रोल भरायला त्या उतरल्या, मी टाकीचं झाकण लावलं आणि निघाले. रस्ताभर मी आमच्या सुपरवायझरची नक्कल करून दाखवत होते. मागून हूं येत नव्हतं, पण वाटलं, आत्या ऐकतायत. गाडी आज किती हलकी पळते आहे, पेट्रोल चांगलं दिसतंय, असंही मनात आलं. एवढ्यात मागून उसाचा रिकामा ट्रॅक्टर आला आणि भोंगा वाजवत मला मागं टाकून गेला. त्याच्या मडगार्डवर पदर खोचून, हात हलवत ठकूआत्या बसल्या होत्या. पुढच्या चौकात त्या माझी वाट बघत उभ्या होत्या. रागावल्या नव्हत्या. "ट्रॅक्टर बरा हाय गं. उच्च बसाय मिळतंय," म्हणाल्या.

त्या दिवसापासून नियम ठरला. आत्या मागं बसल्या की माझ्या खांद्यावर दोनदा थाप मारायच्या. दोन थापा पडल्याशिवाय गाडी हलवायची नाही. ती थाप अशी असायची, की पुढचा अर्धा किलोमीटर खांदा त्यांची आठवण ठेवायचा. आणि मग रांजणगावपर्यंत तोंडाचा पट्टा. कुणाचा ऊस वाढला, कुणाची सून मोबाईलवर कुणाशी बोलते, ढग कुठल्या अंगाला आहेत, सगळं त्या मागून सांगायच्या आणि मी पुढून हसायचे. एकदा तर इतकी हसले, की गाडी बाजूला घेऊन थांबावं लागलं.

खड्ड्यात गाडी आदळली की मी विचारायचे, "आत्या, लागलं का?"

"गाडी चांगली हाय. रस्ता वाईट हाय."

हे वाक्य कधी बदललं नाही. संध्याकाळी गावात शिरताना त्या गल्लीच्या तोंडाशीच उतरायच्या, आमच्या गोठ्याच्या भिंतीला हात लावून जरा उभ्या राहायच्या. "हवा घेती," म्हणायच्या. मग ताठ चालत दारात जायच्या. दत्तू विचारायचा, "आई, पाठ?" त्या म्हणायच्या, "पाठंला काय झालंय? हाय जाग्यावर."

माझं लग्न ठरलं ते दौंडला. मुलगा रेल्वेत, राहायला क्वार्टर. घर बघायला आत्या आल्या होत्या. बाकीचे चहा घेत असताना त्या क्वार्टरच्या पायरीवर जाऊन बसल्या. समोरच्या रुळावरून एक गाडी येऊन गेली, दुसरी येऊन गेली, तरी उठेनात. शेवटी आत येऊन म्हणाल्या, "जागा चांगली हाय. सारखं कोण ना कोण कुठं ना कुठं चाललेलं दिसतंय." माझ्या लग्नाला यापेक्षा मोठा होकार कुणाचा नव्हता.

दौंडला घरात एक गाडी होतीच, आणि मला कुरकुंभला नवी नोकरी लागली. निघताना मी करडीची चावी आत्यांच्या हातात ठेवली. त्या चावी उलटीपालटी करत म्हणाल्या, "मागं बसाय तरी चालवणारं पायजे की गं, मने." मला रडू आलं. आता त्यांना घरात बसावं लागणार, हे त्यांना कळत होतं, मलाही कळत होतं, आणि दत्तू तर दारात उभा राहून आमच्याकडे बघतच होता.

नंतर फोन केला की त्यांची सून, दत्तूची बायको, सांगायची, "आत्या घरी न्हाईत." कुठं गेल्या विचारलं तर म्हणायची, "दुधाच्या टेम्पोत बसून कामाला." मग ती हसायची आणि फोन ठेवायची. तिचं ते हसणं मला काही कळायचं नाही.

दिवाळीनंतर माहेरी निघाले. एसटीनं फाट्यावर उतरले, तर समोर करडी उभी. हँडलवर दोन्ही हात ठेवून, पदर खोचून, डोक्यावर हेल्मेट चढवून पुढं बसल्या होत्या ठकूआत्या. पुढच्या पाटीवर लाल रंगात शिकाऊ लायसनचं अक्षर. ऊस तोडलेल्या मोकळ्या रानात त्या सुनेकडून गाडी शिकल्या होत्या.

"आत्या?" मी पिशवी खाली ठेवली.

"मागं बसून लई बघितलं. म्हणलं, आता फुडं बसून बघू. सोमवारी पक्क्या लायसनची परीक्षा हाय. तवर माझ्यामागं पक्क्या लायसनचं माणूस लागतंय म्हणं. तुझं हाय ना? मग चढ, म्हंजी मी कायद्यात बसती."

मी पिशवी मांडीवर घेऊन मागं बसले. चार वर्षं चालवलेल्या माझ्याच गाडीवर मी पहिल्यांदा मागं बसत होते. गाडी निघाली. पहिल्या खड्ड्यात माझे दात एकमेकांवर आपटले. दुसऱ्यात कमरेतून अशी कळ निघाली, की डोळ्यांत पाणी आलं. सीट नव्हती ती, फळी होती. मी ओरडले, "आत्या, थांबा, थांबा."

त्यांनी गाडी कडेला घेतली. मी उतरून कंबर धरून उभी राहिले, आणि माझा हात आपोआप रस्त्याकडेच्या एका घराच्या भिंतीवर गेला. मग मला गोठ्याची भिंत आठवली.

"आत्या, रोज ह्या सीटवर? आन् तुम्ही एकदा बी बोलला न्हाईत?"

"बोलून काय? दत्तूनं दुसऱ्या दिवशी घरात बसवलं असतं," त्या म्हणाल्या. हेल्मेटमधून नुसते डोळे दिसत होते, आणि ते बसच्या खिडकीतल्यासारखे फुललेले होते. "ह्या गाडीवर मी मरूस्तर बसले असते, मने. चल, चढ. आन् दत्तूला सांगू नको."

मला एकाच वेळी हसू आणि रडू येत होतं. मी कशीबशी पुन्हा चढले. आत्यांनी वळून बघितलं नाही. त्या नुसत्या थांबून राहिल्या होत्या.

मी त्यांच्या खांद्यावर दोनदा थाप मारली.