सुईणआजीच्या वयाचा दाखला

गल्लीतल्या निम्म्या लोकांना सुईणआजीने कधी ना कधी उलटं धरून पाठीत धपाटा घातलेला होता, आणि त्यांतल्या एकेकाचा जन्म तिला तारखेनिशी तोंडपाठ होता. कुणी चारचौघांत ‘मी पंचेचाळीस वर्षांचा’ म्हणालं की ही पलीकडून ओरडणारच, “सत्तेचाळीस! आणि पायाळू!” लग्न जमवायची बोलणी चालू असली की लोक तिला चार हात लांबच ठेवायचे.

आता बाळंतपणं सगळी दवाखान्यात. आजीला कोण विचारतो? मुलगा परगावी कामाला, घरात ती आणि सून. सून वाईट नव्हती हो, उगाच कशाला खोटं बोला. दोन्ही वेळा गरम वाढायची, पाय चेपून द्यायची. पण तपकिरीला पैसे मागितले की तिचा एकच सवाल, “कशाला? परवाच तर दिले!” बाईने सगळा जन्म स्वतःच्या हाताने कमावलेलं खाल्लं, आणि आता चिमूटभर तपकिरीसाठी सुनेपुढे कैफियत द्यायची? आजी लाजेने मेल्याहून मेल्यासारखी होत असे. गेल्या महिन्यात तर तिने रुसून मागणंच सोडलं. आठ दिवस घरात शिंक म्हणून ऐकू आली नाही.

अशात कळलं की पासष्टीच्या वरच्या गरिबांना सरकार दरमहा पैसे देतं. जन्माचा कागद नसेल तर ओळखीच्या सरकारी माणसाने वय लिहून दिलं तरी चालतं. आजी टुणकन उठली. सरकारी कचेरीतला हेडक्लार्क तिच्याच गल्लीत वाढलेला!

“मावशी, वय किती तुमचं?” हेडक्लार्कने अर्ज पुढे ओढला.

“तू झालास तेव्हा मी सात वर्षांची. माझी आई तुझ्या आईचं बाळंतपण करत होती आणि मी गरम पाण्याचं भांडं धरून उभी. त्याच दिवशी माझा पुढचा दात पडला, म्हणून पक्कं लक्षात आहे. तुझ्या वयात सात मिळव, झालं!”

हेडक्लार्कने मिळवले. सत्तावन्न आणि सात, चौसष्ट. “एक वर्ष कमी पडतंय, मावशी. पुढच्या वर्षी या.”

“सत्तावन्न? तू?” आजीचा आवाज चढला. “अरे, तुझ्या पाठच्या बहिणीला परवा अठ्ठावन्न पूर्ण झाली! ती काय आधी येऊन तुझी वाट बघत बसली होती?”

सगळी कचेरी खो खो हसली. हेडक्लार्कचं मात्र तोंड उतरलं. शाळेत घालताना त्याच्या बापाने तीन वर्षं परस्पर गाळली होती. साठीचा बाप्या कागदावर सत्तावन्नचा होता, आणि नोकरी तर अठ्ठावन्नला संपते. म्हणजे आजी सदुसष्टची ठरली तर हा आजच घरी, आणि हा खुर्चीत राहिला तर आजी अजून ‘तरुण’!

“मावशी, हळू बोला,” तो कुजबुजला. “घराचं छप्पर अर्धं झालंय हो. वर्षभर पगार आला की पुरं होईल. पाया पडतो.”

तेवढ्यात आजीचा चढलेला आवाज आणि हसणं ऐकून मोठ्या बाईसाहेब केबिनमधून बाहेर आल्या. “काय चाललंय? आजी, हे जन्मले तेव्हा तुम्ही खरंच तिथे होतात?”

आजीने हेडक्लार्ककडे पाहिलं. तिला त्याची फार कीव आली. तपकीर वर्षभर थांबेल, डोक्यावरचं छप्पर कसं थांबेल?

“नाही हो बाई, चुकलंच माझं. तो दुसरा कुणी.”

इथे तोंड मिटायचं की नाही? पण ज्यांना खोटं बोलायची सवय नसते ती माणसं खोट्याला वर फोडणीही देतात. “तो पोरगा कसा होता सांगू? गोरापान, सरळ नाक, डोक्यावर हे एवढं जावळ! अख्खी गल्ली बघायला लोटली होती. ह्याला बघायला कोण येतंय?”

हेडक्लार्क ताडकन उभा राहिला. “तो मीच!”

“नव्हे रे बाबा,” आजी त्याला डोळ्यांनी खुणावून खुणावून थकली. “त्याचं नाक सरळ होतं.”

“माझं नाक नंतर वाकलं! सायकलवरून पडलो मी! गल्ली मलाच बघायला आली होती, आईने हजारदा सांगितलंय! बहिणीहून दोन वर्षांनी मोठा आहे मी! साठ पूर्ण! लिहून देतो!”

कचेरीतल्या सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. आपण काय बोललो ते हेडक्लार्कला तेव्हा कुठे उमगलं आणि तो मटकन खाली बसला. बाईसाहेबांनी अर्ज त्याच्यापुढे सरकवला. “द्या लिहून.”

दोन महिन्यांनी आजी पहिले पैसे घ्यायला पोस्टात गेली, सोबत सून. रांगेत मागेच पेन्शनीला आलेला हेडक्लार्क.

“मावशी, तुम्ही गप्प बसला असतात तर...”

“मी झाकतच होते रे, शहाण्या! एका नाकापायी तूच उघडा पडलास. छप्पर झालं का?”

“होतंय हळूहळू,” तो पुटपुटला.

खिडकीतून नोटा आल्या. आजीने त्या कमरेला खोचल्या आणि थेट समोरच्या दुकानाची वाट धरली.

“अहो आई, कुठे निघालात?” सून मागून धावली. “एवढे पैसे! कशाला हवेत?”

आजी भर रस्त्यात थांबली, सुनेकडे वळली आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “सांगणार नाही!”