घाटातला थांबा

बाबांच्या जुन्या गाडीला परवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. डिस्ट्रिब्युटरमधले, इंजिनाच्या ठिणगीसाठी लागणारे झिजलेले पॉइंट काढून मेकॅनिकने माझ्या तळहातावर ठेवले. नखाएवढे, काळवंडलेले. "आता हे घासायची कटकट गेली," तो म्हणाला.

बाबा होते तेव्हा घाटात ही गाडी हमखास आचके द्यायची. ते ती कडेला घेत, बॉनेट उघडत आणि पॉलिश पेपरच्या तुकड्याने पॉइंट घासत. डिस्ट्रिब्युटरचं झाकण तोवर आईच्या मांडीवर, रुमालात. मग ती थर्मासमधला चहा ओतायची. घरात कामापुरतंच बोलणारी ती दोघं तिथे कठड्यावर बसून कितीतरी वेळ बोलत राहायची. गाडी केव्हाच दुरुस्त झालेली असायची. बिघाडाला आपण खोळंबा म्हणतो खरं, पण काही माणसांना तेवढीच उसंत मिळते.

काल आईला घेऊन त्याच घाटातून निघालो. गाडी एकदाही अडखळली नाही. बाबा गाडी कडेला घ्यायचे ते वळण दिसलं तसा आईने सवयीने मांडीवर रुमाल पसरला.

"थांबव इथे," ती म्हणाली.

"अगं, छान चाललीय की गाडी."

"तेच तर. आता ती आपणहून थांबायची नाही. तूच थांबव."