उचकीवरचा बिब्बा

माझं पोरगं वीस दिवसांचं होतं आणि तेवढ्यात त्याला किती उचक्या लागल्या असतील, देव जाणे. दूध पिऊन झालं की सुरू. इवलंसं पोट उडत राहायचं. त्याला काही वाटत नसे, मीच घाबरीघुबरी व्हायचे. बाळंतपणाला मी धारूरजवळ माहेरी आले होते. आईनं पहिले काही दिवस गंमत केली. "जावई आठवण काढत आसंल," म्हणायची आणि पदराचा दोरा ओला करून बाळाच्या कपाळावर चिकटवायची. दोरा वाळून पडायचा, उचकी चालूच. एवढी आठवण काढणारा नवरा असता तर दिवसातून एकदा फोन तरी आला असता, असं मी म्हणायचे.

त्या सकाळी उचकी थांबेचना. झोप नव्हती, डोकं फिरलं होतं. न्हाणीत जाता जाता मी आईला म्हणाले, "माय, काय बी कर, पण याची उचकी थांबव." हे मीच म्हणाले, दुसरं कुणी नाही.

केस पुसत बाहेर आले तर बाळ गोधडीवर उघडं. शेजारी दिवा लावलेला, आईच्या हातात दाभण आणि दाभणाच्या टोकाला बिब्बा. ज्योतीवर धरलेल्या बिब्ब्यातून काळं तेल सुटत होतं. आमच्याकडं मेंढराचं पोट फुगलं की आई असाच डाग द्यायची, लहानपणी मीच त्यांचे पाय धरून बसायचे. ओल्या केसांनीच पुढं झाले आणि बाळ उचललं.

आई आपली शांत. "दोन ठिपके फकस्त. बेंबीच्या दोन्ही अंगाला."

"कातडी जळती त्यानं, माय."

"काय होत न्हाई. तुला बी उचकीवर दिलते की. तुला काय झालं?"

माझ्या बेंबीच्या दोन्ही बाजूंना दोन काळपट, गोल डाग आहेत. जन्मखुणा समजून मी ते आजवर मिरवले. लग्नानंतर नवऱ्याला कौतुकानं सांगितलं होतं, बघा, देवानं कसं मोजूनमापून दिलंय. आणि देव इथं माझ्यासमोर दाभण घेऊन बसला होता. इतक्या वर्षांत आईनं हे लपवलं असंही नाही. तिला ते सांगण्यासारखंच वाटलं नव्हतं, आणि याचाच मला जास्त धक्का बसला.

बाळ खांद्यावर उचकतच होतं. मग मला आरोग्य केंद्राच्या आशाताईंचं बोलणं आठवलं. त्या घरी आल्या तेव्हा सगळं समजावून गेल्या होत्या, मी नुसती मान डोलावली होती. भुकेनं रडरड रडल्यावर पाजलं की लेकरू घाईनं पितं, दुधाबरोबर हवा गिळतं, पोट फुगून उचकी लागते. रडायच्या आधी पाजा, मधेच ढेकर काढा, थोडा वेळ उभं धरा. पाणी नको, मध नको. बाळ मजेत असेल तर उचकी आपोआप थांबते.

मी पाठीवर हात फिरवत घरभर फिरले. ढेकर आला. आणखी पाच-दहा उचक्या झाल्या आणि थांबल्या. आई बघत होती.

"माय," मी विचारलं, "डाग दिल्यावर माझी उचकी थांबली का?"

तिनं दिवा विझवला. दाभणावरचा बिब्बा काढून चुलीत टाकला.

"न्हाई," ती म्हणाली. "डाग चिघळलते. तू लई रडायचीस. आन् रडलीस की आजून उचकी लागायची."