रशीदभाईंच्या मशीनचा लाल ठिपका

आमची आणि रशीदभाईंची भिंत एकच, आणि तीही माझ्या खांद्याएवढी. त्यामुळं किस्से मी गोळा करायला जात नाही. शेजारच्या लिंबाची पानं पडावीत तसे ते आपोआप आमच्या अंगणात पडतात. आज झाडून काढावेत, तर उद्या पुन्हा तेवढेच! आमचे हे एकदा वैतागून म्हणाले, "भिंत उंच करून टाकू का?" म्हटलं, "करा की. येताना शिडी पण आणा."

रशीदभाईंचं माजलगावात वेल्डिंगचं दुकान आहे, घराला लागूनच. त्यांची पोरगी नाझिया इंजिनिअर होऊन आली आणि दुकानाच्या मागच्या खोलीत मशीन बनवायला बसली. मशीन कशाचं, तर उसाचा डोळा शोधायचं. उसाच्या प्रत्येक पेरावर एक बारीक डोळा असतो, कोंब तिथूनच फुटतो. रोपांच्या नर्सरीत बेण्याच्या, म्हणजे लावणीच्या, उसाचा तेवढा डोळा धरून तुकडा कापतात आणि ट्रेमध्ये लावतात. पातं जरा सरकलं की डोळा गेला, रोप गेलं. नाझियाचं मशीन कॅमेऱ्यानं ऊस बघणार, डोळा सापडला की स्क्रीनवर तिथं लाल ठिपका ठेवणार, आणि पातं ठिपका सोडून दोन्ही बाजूंनी कापणार.

इकडं पुण्याच्या एका कंपनीचं तिला बोलावणं आलेलं. बापलेकीत ठरलं होतं, की दिवाळीपर्यंत कुण्या नर्सरीवाल्यानं मशीन घेतलं तर नाझिया इथंच राहील, नाहीतर पुणं. तिच्या आईनं, म्हणजे शमीमभाभीनं, नवी निळी बॅग आणूनच ठेवली होती. रोज त्या बॅगेवरची धूळ पुसायची आणि रोज डोळ्याला पदर लावायची.

आता एवढं सगळं भिंतीपलीकडं चाललेलं, आणि मी बघायला जाणार नाही?

*

पहिल्याच दिवशी मी विचारलं, कॅमेऱ्याला ऊस कळतो तरी कसा? नाझिया म्हणाली, "काकू, त्याला ऊस कळतच न्हाई. त्याला फक्त कड कळती." म्हणजे उजेड-अंधार जिथं एकदम बदलतो तिथं ते रेघ मारतं. रेघा जोडल्या की आकार होतो, आणि आकार कळला की त्यातली नेमकी जागा काढता येते.

मी म्हटलं, मला दाखव. तिनं कॅमेरा माझ्याकडं वळवला. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या रेघांची मी! कपाळ, नाक, आंबाडा, सगळं रांगोळी काढल्यासारखं. फक्त हनुवटीला दोन रेघा. मी सांगितलं, मशीनमध्ये काहीतरी बिघाड आहे, एक रेघ जास्त मारतंय.

रशीदभाई तिकडं लोखंड घासत होते. मान वर न करता म्हणाले, "वहिनी, मशीन नवं हाय. खोटं बोलायला शिकलं न्हाई अजून."

*

मग आमच्या घरी हळदीकुंकू झालं. मी दोन्ही हातांत डझन-डझन हिरव्या बांगड्या भरल्या आणि तशीच नाझियाकडं वाण द्यायला गेले. कॅमेऱ्याखालच्या ऊस ठेवायच्या पट्टीवर भुसा पडलेला. मला कुठंही कचरा दिसला की राहवत नाही. हात घातला आणि पुसायला लागले.

स्क्रीनवर टिक, टिक, टिक. माझ्या मनगटावर लाल ठिपके!

नाझियानं धावत येऊन माझा हात ओढला. पातं त्या दिवशी धार लावायला काढलेलं होतं म्हणून बरं. मी घाबरून विचारलं, झालं काय? ती बिचारी हसूही आवरत होती आणि माझी बोटंही मोजत होती. दोन लांब कडा आणि मध्ये आडव्या वळ्या, तोवर मशीनला एवढंच शिकवलेलं, डोळ्याचा आकार शिकवायचा राहिलेला. माझा हात त्याला कांडं वाटला आणि बांगड्या पेरं.

"काकू, तुमाला त्यानं बेणं धरलंय."

दुसऱ्या दिवशी रशीदभाईंनी पट्टीभोवती जाळीचं कुंपण ठोकलं. लोक विचारतात, हे कशासाठी? ते सांगतात, "शेजाऱ्यांसाठी."

*

हा पुढचा किस्सा मी आजवर कबूल केला नव्हता.

मशीन सकाळी चांगलं चालायचं. अकरा वाजले की चुकायला लागायचं. ठिपका डोळ्यावर पडायच्या ऐवजी भलतीकडं, कधी उसाच्या मधोमध. एक वाजला की पुन्हा बरोबर! नाझियानं तीन दिवस कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं. जेवण नाही, बोलणं नाही. शमीमभाभीनं तर मशीनवरून मिरच्या उतरून टाकल्या.

चौथ्या दिवशी अकराला मी भिंतीवर आमच्या गोधड्या टाकायला गेले, तर नाझिया खिडकीत उभी. माझ्याकडं बघितलं, गोधडीकडं बघितलं, मग आत पट्टीकडं बघितलं. गोधडीच्या सावलीची कड बरोबर उसावर पडलेली.

"काकू, ह्या रोज हितंच वाळत घालता?"

मी म्हणाले, आजच घातल्या गं. आणि लगेच काढल्या तर पकडली जाईन, म्हणून रोजच्यासारख्या एकलाच काढल्या.

*

डोळा कापण्यात किसनमामांचा हात धरणारा आमच्या भागात कुणी नाही. उभं आयुष्य त्यांनी बेणं तोडण्यात घातलेलं. ते मशीन बघायला आले, पट्टीवरचा ऊस बघितला, स्क्रीन बघितली आणि म्हणाले, "पोरी, निम्मे डोळे दिसतेत ह्याला. बाकीचे?"

खरंच की! उसाचे डोळे एका रांगेत नसतात. एका पेराला इकडून, तर पुढच्याला तिकडून. मामा म्हणाले, "मी डोळ्यानं न्हाई बघत. ऊस फिरवतो, अंगठ्याला कळतं." त्यांनी ऊस जमिनीवर ठेवून पायानं नुसता गोल फिरवून दाखवला.

ऊस जागेवर फिरवायचा तर गोल, गुळगुळीत काहीतरी पाहिजे. रशीदभाईंनी दुकानभर शोधलं. संध्याकाळी मी पोळ्या करायला बसले, तर दोन्ही लाटणी गायब.

भिंतीवरून बघितलं. माझ्या लाटण्यांवर ऊस झोकात फिरत होता आणि फिरता फिरता प्रत्येक पेराच्या डोळ्यावर ठिपका पडत होता. त्या रात्री आम्ही भात खाल्ला.

*

दिवाळीच्या आधीच्या रविवारी नर्सरीवाले भाऊसाहेब आले. त्यांनी स्वतःच्या शेतातला ऊस वाळली पानं सोलून, मोळी बांधून आणला होता. अट एकच. शंभर तुकडे, "एकबी डोळा चुकला तर राम राम."

दारात निळी बॅग भरून तयार होती. संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढलेलं.

मशीन सुरू झालं. लाटण्यांवर ऊस फिरायचा, ठिपका पडायचा, पातं खाली यायचं. किसनमामा प्रत्येक तुकड्यावर अंगठा फिरवून टोपलीत टाकायचे. पन्नास झाले. ऐंशी झाले. शमीमभाभी पडद्याआड तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती, मी इकडं मनात देवाला हात जोडत होते. नव्वद गेले.

त्र्याण्णवाव्या पेराला मशीन अडलं. ऊस फिरतोय, फिरतोय, ठिपकाच नाही. एक फेरा, दोन फेरे, तीन. पातं वरच्या वर. नाझियाचा चेहरा पांढरा पडला. रशीदभाई बॅगेकडं बघायला लागले.

"चुकलं," भाऊसाहेब म्हणाले.

किसनमामांनी ऊस उचलला. त्या पेरावरून अंगठा एकदा फिरवला, पुन्हा फिरवला.

"चुकलं न्हाई. ह्याला डोळाच न्हाई."

भाऊसाहेबांनी सदऱ्याच्या खिशातून पेपरची पुडी काढली, उलगडली. आत चिंचोक्याएवढा उसाचा डोळा.

"सकाळी मीच नखानं काढलाय, मशीन फसतंय का बघायला," ते म्हणाले, आणि तो पट्टीवर ठेवला.

टिक. लाल ठिपका!

भाऊसाहेबांनी तो डोळा पुन्हा पुडीत बांधला. मग रशीदभाईंना म्हणाले, "दोन मशिनी लागतेल. दुरुस्तीला पोरगी हितंच लागंल." जायला निघाले तर दारात बॅगेला अडखळले. "ही कुणाची?"

"कुणाचीच न्हाई," मी म्हणाले, आणि उचलून भिंतीच्या आमच्या बाजूला ठेवली.

बॅग अजून आमच्याकडं आहे. लाटणी त्यांच्याकडं.