एका घरातले तीन कायदे

अकोल्याच्या डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं. मुलीला एडीएचडी आहे, म्हणजे तिचं लक्ष टिकत नाही, तिला स्वस्थ बसवत नाही; गोळी चालू ठेवा. पण घरात सगळ्यांनी तिच्याशी एकसारखं वागा. एकाने नाही म्हटलं की सगळ्यांचं नाही. मारायचं नाही, ओरडायचं नाही. अमरावतीला परतल्यावर मी हे सगळ्यांना समजावून सांगितलं. नवऱ्याने मान डोलावली, सासऱ्यांनीही.

चौथ्याच दिवशी तिने पाढे अर्धवट सोडून मोबाइल मागितला. आठ वर्षांची पोर. मी म्हटलं, आधी पाढे. तिने कंपास भिरकावला, तो टीव्हीवर आदळला. नवरा बाथरूममधून ओल्या अंगानेच आला आणि तिच्या पाठीत धपाटा घातला.

"काहून मारता तिले? डॉक्टरनं काय सांगितलं?" मी ओरडले. हो, मीही ओरडलेच.

"डॉक्टर येऊन राहिला का इथं सांभाळाले?"

तेवढ्यात सासरे आले. जन्मभर फुलांच्या बाजारात आरडाओरडा ऐकलेला माणूस, पण नातीचं रडणं त्यांना सोसत नाही. "घे माय, आबाचा मोबाइल घे. चूप राय."

ती चूप बसली. "पाय, किती शहाणी आहे," सासरे मला म्हणाले. तो मोबाइल हिसकावून घ्यावासा वाटला मला. नाही घेतला. सासरे म्हणजे आमचे मामाजी, त्यांना कोण बोलणार?

पुढच्या खेपेला मी नवऱ्याला ओढूनच अकोल्याला नेलं. सासरे आलेच नाहीत. डॉक्टरांनी मुलीला विचारलं, "घरी कोणाचं ऐकतेस?"

"ज्याचा आवाज मोठा असते त्याचं. नाई तर आबा आहेतच."

"आणि आईचं?"

"आई आधी नाई म्हणते, मंग देते."

 सकाळीच एसटीत तिने जागेवर बसावं म्हणून मी 'नाही, नाही' करत चिप्सची दोन पाकिटं दिली होती. इतके दिवस मी दोष वाटत होते, स्वतःचा वाटा सोडून.

परतताना मूर्तिजापूरला एसटी थांबली. तेव्हा नवरा म्हणाला, "आता हात नाई लावत तिले."

ते त्याने पाळलंय. राग आला की गच्चीवर निघून जातो. मीही आता एकदा नाही म्हटलं की बहुतेकदा नाहीवरच ठाम राहते. सासरे मात्र आजही मोबाइल देतात. "माह्या घरात माही नात रडणार नाई," म्हणतात. शाळेत तिला कोणी नाही म्हटलं आणि तिथून तक्रार आली, की ऐकून घ्यायला मीच जाते.