भुजंगआबांची फक्की

भुजंगआबांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण मुकादमकी काही अंगातून उतरली नाही. उभा जन्म बांधकाम खात्याच्या रस्त्यांवर खडीचे ढीग मोजण्यात गेलेला. गावात लग्न असो की दहावा, आबा चुन्याच्या फक्कीचा डबा घेऊन हजर. पंगत कुठं बसवायची, चपला कुठं काढायच्या, पाण्याचा टँकर कुठून वळवायचा, सगळ्याला पांढरी रेघ. एकदा त्यांनी स्वतःच्या म्हशीलाही बसायला चौकोन आखून दिला होता, आणि म्हैस रेघेबाहेर बसली म्हणून दिवसभर तिच्याशी बोलले नव्हते. ही गोष्ट कुंभार पिंपळगावच्या बाजारापर्यंत पोचली होती.

सप्टेंबरात चार दिवस आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला आणि ओढ्याकाठची अकरा घरं पडली. पंचनामे आटोपले, फोटो निघाले, आणि मागे उरला राडारोडा: माती, दगड, वाकलेले पत्रे, फुगलेल्या गाद्या. तो टाकायचा कुठं हे ठरवायला ग्रामपंचायतीसमोर बैठक बसली. लोकांची घरं पडलेली, म्हणून आबांनी चेहरा पाडून ठेवला होता, पण बगलेत नकाशाची सुरळी होती आणि हात शिवशिवत होते.

बेत मात्र पक्का होता, हे टिंगल करणाऱ्यांनाही कबूल करावं लागलं. माती वेगळी, दगड वेगळे, लाकूड-पत्रे वेगळे, असे तीन ढीग लावायचे, म्हणजे ज्याला घर उभं करायचं त्याला त्यातूनच परत नेता येईल. आणि ओढ्यात एक घमेलंही टाकायचं नाही. मागच्या पुरानंतर सगळा राडा ओढ्यातच ढकलला होता. त्यानं ओढा तुंबला आणि यंदा पाणी वळून आसराबाईच्या घरातून निघालं. आसराबाई शेळ्या राखून एकटी राहणारी, साठीची. सध्या तिचा मुक्काम शाळेच्या वर्गात होता.

आता हवी होती फक्त जागा, उंचावरची, ट्रॅक्टर जाईल अशी. शाळेजवळ नको, देवळाजवळ तर नकोच, आणि गायरानात कुणाकुणाचं सोयाबीन उभं निघालं. राडारोडा उचलायला अख्खं गाव तयार, ठेवून घ्यायला कुणी नाही. शेवटी एकजण म्हणाला, ओढाच बरा. आसराबाई कोपऱ्यात बसून ऐकत होती. ती काहीच बोलली नाही, तेच आबांना लागलं. ते नकाशा गुंडाळून घरी आले.

त्यांच्या बायकोनं, तुळजाबाईंनी, तांदूळ निवडता निवडता नकाशावर नजर टाकली. गावातल्या चिंचासुद्धा त्यात काढलेल्या होत्या.

"अवो, ह्याच्यात आपला पलाट कुठंय?"

कागद पुरला नाही, आबा म्हणाले.

"चिचंला बराबर पुरला."

रस्त्याकडेचा, उंचावरचा तो प्लॉट पुण्यात नोकरीला असलेल्या आदिनाथच्या घरासाठी राखला होता. पोरगं एक दिवस माघारी येईल, तिथं घर बांधील, हे आबांनी बारा वर्षं धरून ठेवलेलं. चार कोपऱ्यांना चार घडीव दगड, दर दिवाळीला चुना लावलेले. त्या जागेत त्यांनी कधी शेळी चरू दिली नाही, आणि सगळ्यात जास्त हाकलल्या गेल्या त्या आसराबाईच्याच शेळ्या.

त्यांनी आदिनाथला फोन लावला. पोरगं चिडेल म्हणून आधी तब्येतीचं विचारलं, मग पुराचं सांगितलं, मग हळूच प्लॉटाचं काढलं. दोन वर्षांत साफ करून देतो, असा शब्दही देऊन टाकला.

"टाकू द्या की आबा," आदिनाथ म्हणाला. "मला कुठं तिथं बांधायचंय."

इतक्या सहज बोलला तो. आबांनी जेवलास का म्हणून विचारलं आणि फोन ठेवला. पोरगं चिडलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना फार वाटलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि तुळजाबाईंनीही आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी प्लॉटात फक्कीचे तीन चौकोन उमटले. मधोमध उभे राहून आबा ट्रॅक्टरवाल्यांवर ओरडत होते. एक पत्रा रेघेवर पडला तर त्यांनी काम थांबवलं. आठ दिवसांत ओढ्याकाठ मोकळा झाला, आणि ओढ्यात खरंच एक घमेलंही गेलं नाही.

नंतर आसराबाई भिंतीसाठी दगड न्यायला आली. ट्रॉली भरली, पण कोपऱ्यांना बसवायला धड चार दगड काही सापडेनात. आबांनी पहार घेतली आणि प्लॉटाच्या कोपऱ्यांवरचे पांढरे दगड एकेक करून उकरून काढले.

"आबा, हे तर आदिनाथच्या घराचे हायत," आसराबाई म्हणाली.

"मंग घरालाच लागून राह्यले की," आबा म्हणाले. "घेऊन जा."

दिवाळीला त्यांनी नेहमीसारखा चुना कालवला. बादली घेऊन निघाले ते प्लॉटाशी थांबलेच नाहीत, सरळ आसराबाईच्या दारी गेले. भिंत कमरेएवढी उठली होती. चारी कोपऱ्यांच्या दगडांना त्यांनी सावकाश चुना लावला. शेळी दाराशीच बांधली होती. निघताना तिला तेवढी बसायला रेघ आखून दिली.