भागाबाईला लावलेला शब्द

जिनात कोणी बाईला शिवी हासडली की भागाबाई हातातला कापूस खाली ठेवायची, पदर खोचायची आणि त्या माणसापुढे उभी राहून म्हणायची, "पुन्हा म्हन. मोठ्यानं म्हन, साऱ्यायले आयकू दे." कापसातली सरकी काढणाऱ्या दिग्रसच्या त्या जिनात यंत्रांचा आवाज एवढा, की पुन्हा म्हणायचं तर ओरडावंच लागे. अवदसा, टवळी, कैदाशीण, उंडगी हे शब्द पुरुषांच्या तोंडून येता-जाता सुटत; पण सगळ्या बाया वळून पाहत असताना ते ओरडून म्हणायला बहुतेकांची जीभ रेटत नसे.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी तिच्या शेजारच्या यंत्रात कापूस घालायची. भागाबाई विधवा, अंगानं थोराड, आवाज फाटका. शांता ही एकुलती मुलगी. घरी निघताना आम्ही केसांतला कापूस झटकायचो, ती नाही. "दिसू द्या ना लोकायले, कमावून आली म्हनून," असं म्हणायची.

कुसुमला नवऱ्यानं टाकलं आणि माहेरानंही दार लावलं, तेव्हा भागाबाईनंच तिला घरी आणलं. शांताच्या गोधडीत जागा दिली, जिनात कामाला लावलं. कुसुम तिला मावशी म्हणायची.

एका दुपारी मुकादम सखारामनं सरकीच्या ढिगामागे कुसुमचा हात धरला. भागाबाईनं आणि मी, दोघींनी पाहिलं. भागाबाईनं धावत जाऊन हातातली टोपली त्याच्या तोंडावर हाणली. दुसऱ्या दिवशी जिनाच्या शेठकडे जायचं ठरलं. कुसुम रडत म्हणाली, "मावशी, मी सोताच सांगीन."

शेठच्या ओसरीवर आम्ही उभ्या राहिलो. सखाराम खांबाला टेकून होता. शेठनं विचारलं तशी कुसुम खाली मान घालून म्हणाली, "मुकादमानं काही नाही केलं. ही भागीच मले त्याच्याकडं धाडून राह्यली होती. कुंटीण हाये हे."

कुंटीण म्हणजे दुसऱ्या बाईला पुरुषाच्या दारात नेऊन उभी करणारी. भागाबाईचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ती हळूच म्हणाली, "पुन्हा म्हन, कुसुम."

आणि कुसुमनं पुन्हा म्हटलं. पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

"शेठजी, मी डोळ्यांनी पाहिलं," मी ओरडले. "तू तिचीच मैत्रीण," म्हणत शेठ उठून आत गेले. भागाबाईचं काम त्याच दिवशी सुटलं. कुसुमला यंत्रावरून काढून सावलीत कापूस निवडायला बसवलं. आदल्या संध्याकाळीच सखारामनं तिला गाठून त्या हलक्या कामाचं आमिष दाखवलं होतं, हे मागाहून कळलं.

तो शब्द गावभर झाला. शांताची पुसदला ठरलेली सोयरीक मोडली. आजही आठवलं की अंगाची आग होते. बाईला टोचायला आपल्या भाषेत शब्दांची काय रेलचेल! आणि हात धरणाऱ्या सखारामला गाव काय म्हणे? तर, "रंगेल गडी." त्यात अर्धं कौतुकच!

भागाबाई मग बस स्टँडजवळ भाजी घेऊन बसू लागली. पुढच्या हंगामात सखारामचं कुसुमवरून मन भरलं आणि त्यानं तिला जिनातून हाकललं. त्या दिवशी आम्ही बाया भागाबाईच्या दुकानापुढे जमलो. कोणी कुसुमला सटवी म्हणालं, कोणी छिनाल. भागाबाईनं वांगी तोलायची थांबवली.

"दगा केला ना तिनं? मंग दगाबाज म्हना. छिनाल कायले म्हनता? तसं म्हटलं का सखाराम मोकळा सुटते."

चारेक दिवसांनी कुसुमच आली आणि तिच्या पाया पडायला वाकली. भागाबाईनं पाय मागे घेतले. "पाय सोड. तिथं शेठपुढं जाऊन खरं सांग, मंग ये." कुसुम रडली, "हो" म्हणाली आणि त्याच दिवशी गाव सोडून गेली. भागाबाईनं तिला कधी शिवी दिली नाही. पण क्षमाही केली नाही, आणि त्याची तिला कधी लाज वाटली नाही.

नंतर काही वर्षांनी काविळीनं भागाबाई गेली. शांताचं तोवर राजूरच्या एका खाणकामगाराशी लग्न झालं होतं. ती धावत आली. जिनातल्या बाया अंगणात जमल्या होत्या. तेवढ्यात हातात हार घेऊन सखाराम आला, डोक्यावरची टोपी काढून म्हणाला, "लय चांगली बाई होती."

शांता आईच्या उशाशी बसली होती. ती उठली आणि सगळ्यांसमोर, रडका आवाजही न लपवता, तिनं विचारलं, "मंग हे शेठच्या ओसरीवर काहून नाही सांगतलं?"

सखारामनं आमच्याकडे पाहिलं. त्याच्या वतीनं बोलायला कोणी पुढे झालं नाही. हार हातातच धरून तो फाटकाबाहेर गेला.